माझ्या पायाखालचा ब्रेक

माझा आवाज मोठा आहे. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईचा आवाज मोठाच लागतो, कारण शेजारी स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाचे कान घाबरून बंद झालेले असतात. काहींचे डोळेही बंद झालेले मी पाहिले आहेत, पण अशांना मी पहिल्याच दिवशी घरी पाठवते.

रिव्हर्स शिकवायला मी गाडी जिथे नेते, तिथे कुंपणापलीकडे फुटबॉलचं मैदान आहे. पूर्वी तिथे पीटीचे एक सर मुलांना शिकवायचे. इकडे माझं तोंड "क्लच, अहो क्लच" म्हणत असायचं आणि अर्धं लक्ष तिकडे. कॉलेजात मी बचावाला खेळायचे. पुढे गुडघ्याने दगा दिला, डोळ्यांनी नाही. त्यामुळे कुंपणाच्या जाळीतून माझ्या फुकटच्या सूचना चालू असायच्या. "अगं, मागे बघ!" असं मी ओरडले की मैदानावरची मुलगी मागे बघायची आणि गाडीतला माणूसही मागे बघायचा. एकदा गाडी खांबावर गेली ती त्यामुळेच.

सरांची बदली झाली तेव्हा क्लबचे सेक्रेटरी गाडीच्या काचेशी आले. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे आणि बोलणंही कडू औषधासारखंच. "बाई, तुम्ही शिकवताच आहात, तर जरा कुंपणाच्या आत येऊन शिकवा," म्हणाले. तो टोमणा होता. मी तो निमंत्रण म्हणून घेतला आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी गळ्यात घालून हजर झाले.

अशी मी दहा-अकरा वर्षांच्या मुलामुलींच्या संघाची कोच झाले. संघात माझी भाची होती, म्हणून सगळीच पोरं मला आत्या म्हणायला लागली.

भाचीचं संघातलं नाव होतं सॉरी. ते कोणी ठेवलं हे विचारायची गरज नव्हती, पाच मिनिटं खेळ बघितला की कळायचं. तिचे पाय चांगले. आत्या म्हणून सांगत नाही. आत्या म्हणून मी तिची चित्रकलाही पाहिली आहे आणि ती भयंकर आहे. पण समोरचा बॉल घेऊन कुठे वळणार हे तिला त्याच्याआधी कळायचं. ती बरोबर त्या जागी पोचायची आणि पोचली की "सॉरी" म्हणून बाजूला व्हायची. एकदा तिने एका मुलाकडून झकास बॉल काढून घेतला, मग त्याचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि बॉल परत दिला. त्याने गोल मारला आणि वर तिला थँक्यू म्हणाला.

हे तिच्या रक्तातच आहे. म्हणजे माझ्या भावाच्या रक्तात. माझ्यापर्यंत ते आलंच नाही. धाकटा भाऊ माझा, सरळ माणूस, पण इतका सरळ की कोणीही त्याला वळवावं. दुकानात गेला तर दुकानदाराला त्रास नको म्हणून जे पुढ्यात येईल ते घेऊन येतो. खांबाला धडकला तर खांबाला सॉरी म्हणतो. गाडी चालवायला तो माझ्याकडेच शिकला, आणि माझ्या हाताखालून गेलेला, अजून लायसन्स न मिळालेला तो एकटाच. परीक्षेच्या दिवशी चौकात थांबला. सगळ्या गाड्या जाऊ देत, मग आपण जाऊ, असं त्याने ठरवलं. चौकातल्या गाड्या कधी संपतात का? शेवटी परीक्षा घेणारे साहेब दार उघडून उतरले आणि चालत ऑफिसला गेले. तेव्हापासून त्याची स्वतःची नवी गाडी बिल्डिंगच्या आवारात ताडपत्रीखाली उभी आहे. तिच्या बॉनेटवर मांजरांच्या कितीतरी पिढ्या नांदल्या.

तर हा भाऊ एका संध्याकाळी माझ्याकडे आला आणि चहाचा कप हातात घेऊन नुसता बसून राहिला.

"ताई, तिला मी काढतो फुटबॉलमधून."

"का? काय झालं?"

"मॅच झाली की घरी येते, बाथरूममध्ये जाते, नळ सोडते आणि रडते. तिला वाटतं नळामुळे ऐकू येत नाही. म्हणते, माझ्यामुळे हरतो आम्ही. मला नाही बघवत गं." त्याने चहा न पिताच कप खाली ठेवला. "सीझनची शेवटची मॅच होऊ दे. त्या दिवशीही अशीच घरी आली तर नाव काढायचं. बुद्धिबळाला घालतो."

"बुद्धिबळात काय दुसऱ्याची प्यादी विचारून मारतात?"

"निदान बसून मारतात," तो म्हणाला.

मी त्याला चांगलं फैलावर घेणार होते. पण दुसऱ्या दिवशी सरावाला पोरगी सगळ्यांच्या आधी आली, बूट घालून कुंपणापाशी उभी. म्हणाली, "आत्या, बाबा मला काढणार आहे. तू त्याला सांग ना, मी नीट खेळेन. मला इथेच यायचंय." आणि लगेच म्हणाली, "सॉरी, तुला त्रास देतेय." तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण मी कोच होते, म्हणून म्हटलं, "मैदानाला दोन फेऱ्या मार," आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

आता दुसरं टोक सांगते. संघात एक मुलगा होता, त्याला सगळे रोलर म्हणायचे. डांबरी रस्त्यावर फिरतो तो रोलर. अंगाने दणकट, मनाने लोणी, पण एकदा पळायला लागला की मध्ये बॉल आहे, माणूस आहे की गोलचा खांब आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. त्याच्या आईचा दातांचा दवाखाना आहे. पोरगा धंदा आणतोय की काय, अशी शंका दुसऱ्या संघांच्या आयांना यायची.

मला दोघांचीही चिंता नव्हती. म्हणजे होती, पण हे दोघे मला नवीन नव्हते. माझ्या गाडीत रोज याच दोन जातींची माणसं येतात. एक चौकात रात्र होईपर्यंत थांबतो आणि दुसऱ्याला वाटतं की हॉर्न हेच लायसन्स आहे. पहिल्याला मी सांगते, तुझी पाळी आली की जा. दुसऱ्याला सांगते, तुझी पाळी आली की मगच जा. याच्यापलीकडे ड्रायव्हिंगमध्ये शिकवण्यासारखं फारसं काही नाही, आणि फुटबॉलमध्येही नाही, असं तेव्हा मला वाटत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल कसा रिकामा राहिला ते पुढे येईलच.

एका सकाळी मी अख्खा संघ मोठ्या चौकात नेला आणि फुटपाथवर ओळीने उभा केला.

"बघा," मी म्हटलं. "कोण थांबतो, कोण घुसतो, कोण नीट जातो."

ट्रॅफिक हवालदार आमच्याकडे संशयाने बघत होता. शेवटी तो आलाच. "मोर्चा आहे का?"

"नाही हो, फुटबॉल आहे."

"बॉल कुठंय?"

"आज नाही आणला."

त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि परत जाऊन वाहतुकीकडे पाठ करून आमच्यावरच नजर ठेवली.

रोलरला पाण्याचा टँकर फार आवडला. "आत्या, भारी! तो कोणासाठीच थांबत नाही!" इतक्यात टँकर एका रिक्षाला घासत गेला, हवालदाराने शिट्टी मारून त्याला बाजूला घेतलं, आणि मागच्या सगळ्या गाड्या त्याच्या समोरून निघून गेल्या. रोलरचं तोंड पडलं. "म्हणजे तोच शेवटी राहिला," तो म्हणाला. स्वतःच्या तोंडून निघालेलं शहाणपण जास्त टिकतं.

सॉरी मात्र सायकलवरच्या एका बाईकडे टक लावून बघत होती. हँडलला भाजीच्या पिशव्या, मागे गॅसची शेगडी बांधलेली. ती बाई चौकाच्या तोंडाशी आली, एक पाय टेकला, समोरच्या बसवाल्याच्या डोळ्यात बघितलं, वळायचं त्या बाजूला हात काढला आणि निघाली. बस थांबली.

"ती बसला सॉरी नाही म्हणाली," भाची हळूच म्हणाली.

"का म्हणेल? बसला लागलं का काही?"

"नाही."

"तिची पाळी होती?"

"हो."

"मग?"

तिने स्वतःचा हात हळूच बाजूला काढून बघितला. मला वाटलं, पोरीच्या डोक्यात प्रकाश पडला. पडलाही होता, पण सगळ्यांच्याच डोक्यात पडला होता आणि तो भलताच होता.

पुढच्या मॅचला ते कळलं. आमच्या पोरांनी त्या सायकलवाल्या बाईचं बाकी काही नाही, एकच उचललं. उजवीकडे वळायचं असलं की उजवा हात काढायचा, डावीकडे वळायचं असलं की डावा. बॉल पायात आणि हात आडवा, असा माझा सगळा संघ शिस्तीत वाहतुकीचे नियम पाळत होता. समोरच्यांना काय, आयती चंगळ. हात दिसला की त्या बाजूला जाऊन उभे राहायचे आणि बॉल घ्यायचे. त्या मॅचची पंच म्हणजे वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई. शिट्टीसुद्धा हळू वाजवतात आणि पालक ओरडले की ओठांवर बोट ठेवतात. त्यांनी खेळ दोनदा थांबवून विचारलं, "कोणाला बाथरूमला जायचंय?" रोलर म्हणाला, "नाही, मला डावीकडे जायचंय."

आम्ही सात गोलनी हरलो. समोरच्या कोचने जाताना मला अगदी आदराने विचारलं, ही कोणती पद्धत आहे म्हणून. मी म्हटलं, नवीन आहे.

भाची त्या दिवशीही रडली. पण एकटी नाही, सगळा संघच रडत होता, म्हणून तिला थोडं बरं वाटलं असावं.

मग मी सरावाला सगळ्यांना गोल बसवलं आणि हात जोडून सांगितलं की बाळांनो, रस्त्यावर सगळे आपापल्या घरी चाललेले असतात, म्हणून सगळ्यांना सांगावं लागतं. मैदानावर समोरचा आपल्याच बॉलवर टपलेला असतो, त्याला कशाला पत्ता सांगता? उलट अंग उजवीकडे झुकवा आणि डावीकडून निघून जा.

सॉरीने हात वर केला. "पण ते खोटं बोलणं नाही का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ड्रायव्हिंग शिकवते, मला असल्या प्रश्नांची सवय नाही. थोडा वेळ शिट्टीच्या दोरीला गाठी मारल्या आणि मग म्हटलं, "समोरच्याला माहीत असतं की तू त्याला चकवणार, आणि तुला माहीत असतं की तो तुला चकवणार. दोघांनी आधीच कबूल केलंय, म्हणून तो खेळ. पण पंच खेळत नसतो. त्याने काही कबूल केलेलं नसतं. म्हणून समोरच्याला खुशाल चकवा, पंचाला चकवायचं नाही. लागलं नसताना लोळायचं नाही, चुकलं तर लपवायचं नाही."

"आणि सॉरी कधी म्हणायचं?"

"चुकलं तर. नाही चुकलं तर नाही. त्यात अवघड काय आहे?"

बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बोलणाऱ्याचं काय जातं.

कारण अवघड होतंच. पोरीच्या जिभेला ते वळणच पडलं होतं. शेवटी मी एक नियम काढला. सराव करताना सॉरी आणि रोलर समोरासमोर. रोलरने हात पाठीमागे बांधायचे, खांद्याला खांदा लावायचा, पण कोपर आणि गुडघा घरी ठेवायचा. आणि सॉरीने चूक नसताना सॉरी म्हटलं, तर मैदानाला एक फेरी मारायची. तिने नाही, रोलरने.

पहिल्याच झटापटीत तिने त्याच्याकडून बॉल सफाईने काढला आणि म्हणाली, "सॉरी."

"रोलर, फेरी," मी म्हटलं.

तो बिचारा धावून आला. ती कळवळून म्हणाली, "अरे, सॉरी रे, माझ्यामुळे—"

"रोलर, फेरी."

"अगं, गप्प बस ना!" रोलर पळता पळता ओरडत होता. परत आला तेव्हा ती तोंडावर हात दाबून उभी होती आणि डोळ्यांनी सॉरी म्हणत होती. डोळ्यांचं मी मोजलं नाही. माणसाने थोडी दया ठेवावी.

त्या आठवड्यांत रोलरचं वजन चांगलंच उतरलं. त्याच्या आईने मला भेटून आभार मानले. आणि सॉरीच्या तोंडून सॉरी निघायच्या आधी ओठ मिटायला लागले. बॉल घ्यायची, ओठ चावायची, पुढे निघायची. तिकडे हात बांधून खेळताना रोलरच्या लक्षात आलं की कोपर न मारताही तो कोणालाही हलवू शकतो, नुसतं आधी पोचलं की झालं. हे कळल्याचा आनंद त्याने सगळ्यांना घरोघरी जाऊन सांगितला.

शेवटच्या मॅचला भाऊ आला. हातात पाण्याची बाटली, टॉवेल, मलम, आणि चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा. पोरगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्या, आज नीट नाही झालं तर हे शेवटचंच ना?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलायला मला जमत नाही, आणि जमलं असतं तरी तिला पटलं नसतं. तिने मान हलवली आणि मोजे वर ओढले.

समोर निळ्या जर्सीचा संघ. त्यांचा कप्तान एवढा उंच की मला वाटलं, कोणाचा तरी काका खेळायला आलाय. पंच पुन्हा ग्रंथपाल बाई. मी रेषेवर उभी राहिले. मॅच बघताना माझी एक खोड आहे, उजवा पाय आपोआप दाबला जातो. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो ना, त्याची सवय. माझ्या पायाखाली रेषेवरचा चुना नेहमी पुसला जातो आणि तिथून बॉल बाहेर गेला की वाद होतात.

आमचा पहिला गोल रोलरने मारला. खांद्याला खांदा, कोपर अंगाला चिकटलेलं, आधी पोचला आणि मारला. निळ्यांचा जो मुलगा मागे राहिला तो उभाच होता, पडला नव्हता. रोलरने वळून आधी तेच बघितलं, मग गोल झाला का ते. मी इतकी ओरडले की ग्रंथपाल बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

आणि मग ते झालं. आमच्या गोलसमोर गर्दी, बॉल उडाला आणि भाचीच्या हाताला लागून खाली पडला. तिने हात पुढे नेला होता, मी स्वच्छ पाहिलं. पंचबाईंच्या समोर त्या उंच काकाची पाठ होती, त्यांना दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही. आमच्या गोलकीपरने बॉल उचललाही होता. मी मनात म्हटलं, चला, देवाने डोळे झाकले. आणि पोरीने हात वर केला.

"हँडबॉल. माझा. सॉरी."

पंचबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पेनल्टी दिली. उंच काकाने ती आत मारली. एक-एक.

"हे तुम्ही शिकवलंत?" सेक्रेटरींनी मागून विचारलं.

"हो," मी दात दाबून म्हटलं. मनातलं इथे लिहिता येणार नाही. सात गोलनी हरलो होतो तेव्हाही मला एवढा संताप आला नव्हता, आणि वाईट म्हणजे तो कोणावर काढायचा हेच कळत नव्हतं, कारण शब्द माझेच होते. भाऊ म्हणाला, "बघ ताई, आता नळ सोडणार ती." मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

वेळ संपत आली. तो उंच काका बॉल घेऊन सरळ आमच्या गोलकडे निघाला. मध्ये फक्त माझी भाची. त्याने अंग उजवीकडे झुकवलं, ती हलली नाही. त्याने डावीकडे पाय टाकला आणि ती तिथे आधीच होती. घसरत गेली, बॉल तिच्या पायाने बाजूला उडाला, रेषेबाहेर गेला, आणि मग काका तिच्यावरून आडवा झाला. उंच माणूस पडला की फार वेळ पडत असतो.

निळ्यांकडचे सगळे ओरडले, "पेनल्टी! पेनल्टी!" शिट्टी वाजली. आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"सॉरी हो! सॉरी, सॉरी! चुकून झालं, लहान आहे ती!" माझा भाऊ टॉवेल आणि मलम घेऊन मैदानात धावत निघाला होता.

"बघा! वडीलच कबूल करतायत!" निळ्यांचा कोच ओरडला.

पंचबाई चालत आल्या. त्यांनी भावाला टॉवेलसकट रेषेपलीकडे उभं केलं आणि भाचीसमोर वाकल्या. "माझ्यासमोर मुलं होती. मला नीट दिसलं नाही. तुझा पाय आधी त्याच्या पायाला लागला का गं?"

माझा पाय जमिनीत रुतला. इतक्या जोराने ब्रेक मी कधी गाडीतही दाबला नसेल. पोरीने पडलेल्या मुलाकडे बघितलं, मग बापाकडे. तिचे ओठ हलले, तोच जुना आकार झाला. रोलर मैदानाच्या मध्यावर डोळे मिटून उभा होता, बहुतेक फेरीची तयारी करत.

"नाही," ती म्हणाली. "मी बॉल घेतला. तो नंतर पडला."

"अगं बाळा, म्हणून टाक ना सॉरी," भाऊ काकुळतीला आला. "आपलं काय जातं?"

"बाबा, मघाशी माझं चुकलं होतं, तेव्हा मी म्हणाले. आता नाही चुकलं."

ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. आवाज शेवटी आत्याचाच. पंचबाईंनी चष्मा वर सरकवला. मग सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मघाशी कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं होतंस. पेनल्टी नाही, थ्रो-इन." निळ्यांचा कोच हातवारे करायला लागला, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. भाचीने हात पुढे केला आणि काकाला उठवलं. तो कपडे झटकत आपल्या कोचकडे बघून पुटपुटला, "बॉलच घेतला होता, सर."

मॅच एक-एकच राहिली. गुणांच्या यादीत आम्ही खालून दुसरे आलो. पण माझी भाची मैदानातून उड्या मारत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आत्या, मी बघ, म्हणालेच नाही!" मी कोच होते. तरी यावेळी मी तोंड फिरवलं नाही, सगळ्यांसमोर रडले.

घरी जाताना मागच्या सीटवर सॉरी आणि रोलर, दोघं चिखलाने माखलेले. भाऊ नेहमीसारखा पुढे माझ्या शेजारी बसायला आला. मी किल्ली त्याच्या हातात दिली.

"चालव."

"ताई, आज नको."

"आजच. शिकाऊ लायसन्स परत काढलंयस ना? माझ्या बाजूला ब्रेक आहे. बस."

तो बसला. गल्ल्यांतून बरा आला, मग चौक आला. तोच मोठा चौक. भाऊ थांबला. एक गाडी गेली, दुसरी गेली, आणि तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तिसरीची वाट बघायला लागला. मागून बसने हॉर्न दिला. त्याने आरशात बघून आपलं नेहमीचं सुरू केलं, "सॉरी, सॉरी..."

"काका, नका ना म्हणू!" मागून रोलर केविलवाणं ओरडला. "मला फेरी मारावी लागेल. मी खूप दमलोय!"

भावाचं तोंड उघडंच राहिलं. मग भाची त्याच्या सीटच्या मागून पुढे वाकली.

"बाबा, तो टेम्पोवाला तुझ्याकडे बघतोय. थांबलाय तो. आता तुझी पाळी आहे. जा."

भावाने टेम्पोवाल्याच्या डोळ्यात बघितलं. हात काढून बाजू दाखवली आणि गाडी सोडली. टेम्पो थांबला, रिक्षा थांबली आणि आम्ही चौकाच्या पलीकडे होतो. मी खाली बघितलं. माझा पाय ब्रेकच्या बाजूला नुसता पडला होता.

गाडी सरळ रस्त्याला लागली. मग भाऊ समोर रस्त्यावर नजर ठेवून म्हणाला, "ताई, पुढच्या सीझनचा सराव कधीपासून? तोपर्यंत लायसन्स मिळालं तर तिला मीच आणून सोडेन. आपल्याच गाडीतून."

"आधी ताडपत्री काढ," मी म्हटलं.

"काढतो. पण वर मांजरीची पिल्लं आहेत. त्यांना हलवावं लागेल." त्याने आरशातून मुलीकडे पाहिलं. "त्यांना तरी सॉरी म्हणू ना?"

तिने खरंच विचार केला.

"त्यांना म्हण, बाबा," ती म्हणाली. "त्यांचं काहीच चुकलेलं नाही, आपणच त्यांना उठवतोय."